विजय तेंडुलकर : बोलणारे आणि न बोलणारे

१

विजय तेंडुलकर यांच्याविषयी मराठीत झालेल्या विपुल समीक्षालेखनाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिल्यात नाटककार तेंडुलकरांचा विचार येतो. दुसऱ्यात पटकथाकार तेंडुलकरांचा उल्लेख येतो. विचार क्वचितच येतो. नाटके वाङ्मय म्हणून वाचावयाची आणि चित्रपट दिग्दर्शकाच्या खाती जमा करावयाचे, असा आपल्या विद्यापीठीय अभ्यासाचा जणू शिरस्ताच पडून गेला आहे. यामुळे एका लेखकाची दोन माणसे होतात. त्याहून मोठे नुकसान असे, की नाटकांविषयी आपण जे निष्कर्ष काढतो ते पारखून घेण्याचे एक उत्तम साधन आपण हातचे घालवून बसतो. प्रस्तुत लेखात हे साधन वापरून पाहण्याचा हेतू आहे.

जो निष्कर्ष पारखावयाचा आहे तो सर्वपरिचित आहे. तेंडुलकरांचे सामर्थ्य त्यांच्या संवादांत आहे, त्यांनी मराठी रंगभूमीवर नित्याची बोलभाषा आणली, त्यांची वाक्ये तुटक, अपुरी आणि म्हणूनच खरी वाटतात, असे आपण वर्गात सांगतो व विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत लिहितात. हे विधान खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. तुटक वाक्ये लिहिणारे नाटककार मराठीत पुष्कळ झाले. त्यांतील प्रत्येक जण तेंडुलकर झाला नाही. तेव्हा भेद कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

२

प्रथम चरित्राचा आवश्यक तेवढा भाग. तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. बेचाळीसच्या चळवळीच्या वेळी, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांची शाळा सुटली. पुढील शिक्षण वाचनाने आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत झाले. वृत्तपत्रव्यवसायातील या उमेदवारीचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध केवळ विषयांपुरता नाही. बातमीदाराला कोण काय म्हणाले याची नोंद करावी लागते, आणि ती करता करताच कोणाचे म्हणणे छापले जाते व कोणाचे जात नाही, हेही त्याच्या ध्यानी येते. ‘गृहस्थ’ हे त्यांचे आरंभीचे नाटक रंगभूमीवर अयशस्वी झाले. पुढे ‘कावळ्यांची शाळा’ या नावाने त्यांनी ते नव्याने लिहिले. ‘श्रीमंत’ आणि ‘माणूस नावाचे बेट’ या पन्नाशीच्या दशकातील नाटकांनी त्यांचे नाव जाणकारांत झाले. १९६० साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’ने त्यांना विजया मेहता, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, श्रीराम लागू अशा तोलामोलाच्या रंगकर्मींची साथ मिळवून दिली.

१९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले आणि तेंडुलकर अखिल भारतीय नाटककार झाले. ‘गिधाडे’ लिहून होऊनही दीर्घ काळ प्रयोगाविना राहिले व १९७० मध्ये रंगमंचावर आले. १९७२ हे वर्ष तर वादळीच ठरले. कमलाकर सारंग यांनी बसविलेल्या ‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळाने बंदी घातली, आणि ती उठविण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्याच वर्षीच्या १६ डिसेंबर रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला, तेथेही वाद उसळला, मूळ संस्थेने प्रयोग थांबविले, आणि जब्बार पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापून ते नाटक पुन्हा उभे केले.

यानंतरचे दशक पटकथांचे होय. ‘सामना’ (१९७४), ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६), ‘सिंहासन’ (१९७९), ‘आक्रोश’ (१९८०), ‘उंबरठा’ (१९८२), ‘अर्धसत्य’ (१९८३) ही त्यातील ठळक नावे. ‘मंथन’च्या पटकथेस राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. या काळात नाटके थांबली नव्हती. ‘कमला’, ‘मित्राची गोष्ट’, ‘कन्यादान’ ही याच सुमाराची. सत्तरच्या दशकाच्या मध्यास नेहरू शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी समाजातील हिंसेचा अभ्यास हाती घेतला होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९ मे २००८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संभाषणाचा शास्त्रीय अभ्यास करणारे वाक्याऐवजी बोलण्याची ‘पाळी’ हा घटक हाती घेतात. कोणाची पाळी केव्हा येते, ती कोण देतो, कोण हिरावून घेतो, कोणाला मध्येच तोडता येते आणि कोणाला येत नाही, यांवरून त्या समूहातील सत्तेचा नकाशा काढता येतो. कुटुंबातील जेवणाची पंगत असो, ग्रामपंचायतीची सभा असो वा न्यायालय असो, पाळ्यांचे नियम लिहिलेले नसले तरी प्रत्येकास ठाऊक असतात.

या दृष्टीने ‘शांतता!’ पुन्हा वाचावे. हौशी नाटकमंडळी वेळ घालविण्यासाठी लुटुपुटीचा खटला मांडतात, आणि लीला बेणारे आरोपी ठरते. नाटकाच्या प्रारंभी सर्वांत अधिक बोलणारी व्यक्ती तीच आहे. ती हसते, चिडविते, नकला करते, गाते. न्यायालय एकदा भरले की तिच्या पाळ्या आटत जातात. हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. तिला कोणी गप्प बस म्हणण्याआधीच न्यायालयाच्या भाषेने काम केलेले असते. आरोपीने विचारले तेव्हाच बोलावे, साक्षीदाराने सांगितलेले ग्राह्य, आरोपीने मध्ये बोलल्यास न्यायासनाचा अवमान: हे नियम मंडळींनी खेळ म्हणून स्वीकारले आहेत, आणि खेळाच्याच आडोशाने ते खरे होतात. अखेरीस तिला स्वतःच्या बचावासाठी मोजके दहा सेकंद दिले जातात. तिचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात. रंगमंचावरील इतर पात्रे मात्र गोठलेली असतात. न्यायासनाच्या लेखी आरोपी काहीच बोललेली नाही. मराठी रंगभूमीवरील एक अत्यंत गाजलेले भाषण हे नाटकाच्या जगात उच्चारलेच गेलेले नाही, ही गोष्ट आपल्या समीक्षेत जितकी ठसावयास हवी तितकी ठसलेली नाही.

याच नाटकात आणखी एक मौन आहे. प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाहीत. प्रकरणातील पुरुष तेच. परंतु खटला त्यांच्यावर नाही, म्हणून त्यांना बोलावेही लागत नाही. बेणारेचे मौन ही शिक्षा आहे, दामल्यांचे मौन ही सवलत आहे. एकाच शब्दाने ज्यांचा निर्देश होतो अशा या दोन परस्परविरोधी गोष्टी तेंडुलकरांनी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यांच्या नाट्यदृष्टीचे बीज येथे सापडते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

‘सखाराम बाइंडर’मध्ये हाच नकाशा उलटा होतो. सखाराम हा बोलणारा पुरुष. घरात आणलेल्या बाईला तो पहिल्याच भेटीत घराचे नियम ऐकवितो. ती पाळी संपूर्ण त्याची आहे. लक्ष्मीला बोलावयास कोणी नाही म्हणून ती मुंगळ्याशी बोलते, आणि ते हसणे-बोलणे सखारामच्या कानी पडते तेव्हा तो अस्वस्थ होतो. आपल्या घरात आपल्यावाचून चाललेले संभाषण त्याला सोसत नाही. चंपा नियम ऐकून घेते आणि मोडते. तिला उलट उत्तर देता येते. नाटकाच्या शेवटी मात्र खून करून बसलेला सखाराम शब्दहीन होतो, आणि जिला एके काळी बोलण्याची पाळी नव्हती ती लक्ष्मी पुढे काय करावयाचे ते ठरविते. ‘कन्यादान’मध्येही वक्तृत्वावर जगलेले नाथ देवळालीकर कन्येच्या बोलण्यापुढे निरुत्तर होतात. ‘घाशीराम’मधील ब्राह्मणांची मानवी भिंत गाते, नाचते, दडविते आणि उघडी पाडते, तेथे समूहच बोलतो आणि समूहाच्या बोलण्यात व्यक्तीची जबाबदारी विरघळून जाते.

यावरून असे दिसते, की तेंडुलकरांच्या संवादांचे बळ शब्दकळेत किंवा वाक्याच्या तुटकपणात जितके आहे, त्याहून अधिक पाळ्यांच्या वाटणीत आहे.

४

हे अनुमान पारखावयाचे कसे? येथे पटकथा उपयोगी पडतात. तेंडुलकरांच्या प्रमुख हिंदी पटकथांना संवाद दुसऱ्यांनी लिहिले. ‘निशांत’ आणि ‘आक्रोश’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे कैफी आझमी यांचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. म्हणजे येथे तेंडुलकरांची मराठी वाक्ये नाहीत, त्यांची शब्दकळा नाही, त्यांची लय नाही. त्यांचे सामर्थ्य केवळ वाक्यात असते, तर या चित्रपटांत ते लोपावयास हवे होते. ते लोपलेले नाही, हे प्रेक्षकाला सहज जाणवते.

‘निशांत’मध्ये तेलंगणातील एका खेड्यात जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराच्या पत्नीला पळवून नेतात. त्यानंतरचा भाग म्हणजे मास्तरांच्या तक्रारीचा प्रवास. ते पोलिसांकडे जातात, वकिलाकडे जातात, कलेक्टरकडे जातात. प्रत्येक ठिकाणी त्यांना बोलू दिले जाते, आणि कोठेही त्यांचे बोलणे तक्रार ठरत नाही. बोलणे आणि ऐकले जाणे यांतील हे अंतर म्हणजे बेणारेच्या दहा सेकंदांचाच विस्तार होय. ‘मंथन’मध्ये ही गोष्ट वेगळ्या अंगाने येते. गुजरातेतील सुमारे पाच लाख दूध-उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांवर उभ्या राहिलेल्या या चित्रपटात दूधसंस्थेच्या निवडणुकीत सरपंच हरतो आणि दलित वस्तीतील उमेदवार निवडून येतो. ज्यांना गावाच्या बैठकीत बोलण्याची पाळी नव्हती, त्यांना मताच्या रूपाने ती प्रथमच मिळते. आणि ती मिळताच जुने बोलणारे काय करतात, हे पुढील कथानक दाखविते. ‘सामना’ ही मराठीतील, स्वतंत्रपणे लिहिलेली पटकथा. तेथे साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटलांच्या साम्राज्यात कोठूनसा आलेला एक मास्तर बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी एकच प्रश्न विचारीत राहतो. सारा चित्रपट त्या एका प्रश्नाभोवती उभा आहे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराचा हक्क असतो, हा संभाषणाचा साधा नियम. तो नियम जेथे चालत नाही ती सत्ता, असे या पटकथेचे सूत्र सांगता येईल.

यावर असा आक्षेप संभवतो, की चित्रपटातील हे गुण दिग्दर्शकाचे असतील. आक्षेप रास्त आहे, आणि एकाच चित्रपटापुरता विचार केल्यास त्याला उत्तर नाही. परंतु श्याम बेनेगल, जब्बार पटेल आणि गोविंद निहलानी हे तीन भिन्न प्रकृतीचे दिग्दर्शक. कथावस्तूही एका उगमाच्या नाहीत: ‘सिंहासन’ अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून, ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून, ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून आलेले. दिग्दर्शक निराळे, मूळ लेखक निराळे, संवादलेखक निराळे. तरीही पाळ्यांचा नकाशा तोच. यात समान घटक पटकथाकार हाच आहे.

५

या ठिकाणी एका इंग्रज लेखकाशी तुलना उपयुक्त ठरेल. हॅरॉल्ड पिंटर (१९३०–२००८) हे तेंडुलकरांचे जवळजवळ समवयस्क. दोघांचा मृत्यूही एकाच वर्षी झाला. पिंटर हेही नाटककार आणि पटकथाकार. ‘द सर्व्हंट’, ‘अ‍ॅक्सिडेंट’, ‘द गो-बिट्वीन’ या त्यांच्या पटकथा दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या. त्यांच्या संहितांत टिंबे, विराम आणि स्तब्धता अशा तीन श्रेणींच्या सूचना येतात व नटांनी त्या काटेकोरपणे पाळाव्यात अशी अपेक्षा असते. ‘द बर्थडे पार्टी’ (१९५८) मध्ये दोन आगंतुक स्टॅन्लीवर प्रश्नांचा असा भडिमार करतात, की अखेरीस त्याच्या तोंडून केवळ निरर्थक ध्वनी निघतात. बेणारे आणि स्टॅन्ली ही एका कुळातील पात्रे होत.

परंतु साम्य येथेच थांबते. पिंटरच्या नाटकात स्टॅन्लीवर आरोप कोणता, आरोप करणारे कोणाचे, हे संदिग्ध राहते. ती संदिग्धता हाच तेथील भीतीचा उगम आहे. तेंडुलकरांकडे संदिग्ध असे काहीच नाही. आरोप कोणता, करणारे कोण, त्यांचे व्यवसाय काय, ते कोणत्या थरातले, हे सारे आपणास ठाऊक असते. पिंटरमधील स्तब्धता दोन व्यक्तींच्या मधल्या पोकळीत असते. तेंडुलकरांमधील मौन हे कोणीतरी कोणावर तरी लादलेले असते, आणि लादणाऱ्याचे नाव-गाव सांगता येते. एकाच तंत्राचा हा निराळा उपयोग समाजस्थितीच्या भेदातून आलेला दिसतो. तेंडुलकरांना ‘मराठीतील पिंटर’ म्हणण्याचा मोह यासाठीच टाळावा.

६

आता ‘आक्रोश’. खानदेशातील वाचकाने या चित्रपटाचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे, असे मला वाटते. लहान्या भिकू या आदिवासीवर स्वतःच्या पत्नीच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी परोपरीने विचारतो. खटल्याच्या संपूर्ण काळात लहान्या एक अक्षरही उच्चारीत नाही. सरकारी वकील दुसाने हे स्वतः आदिवासी. ते उत्तम बोलतात, परंतु ज्या भाषेत बोलतात ती सत्तेची आहे. वडिलांच्या अंत्यविधीसाठी आणलेला लहान्या तेथेच स्वतःच्या बहिणीचा वध करतो, आणि मग त्याच्या कंठातून तो आक्रोश निघतो. तेंडुलकरांच्या मौनमीमांसेचे हे टोक होय. बेणारेला निदान प्रेक्षकांपुरते स्वगत होते. लहान्याला तेही नाही. ओम पुरी यांचा अभिनय आणि निहलानी यांचे छायाचित्रण-संस्कारित दिग्दर्शन यांनी हे मौन अविस्मरणीय केले, यात शंका नाही.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती भाषेच्या अभ्यासकाने नोंदविलीच पाहिजे. लहान्याचे मौन न्यायालयात अर्थपूर्ण आहे. कारण त्या न्यायालयाची भाषा त्याची नव्हे आणि तेथे बोलल्याने काय होते हे तो जाणतो. परंतु त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांशी बोलताना आपण ऐकत नाही. त्यामुळे न्यायालयाने लादलेले मौन आणि आदिवासीचे स्वाभाविक मौन यांतील सीमारेषा पुसट होते. शहरी प्रेक्षक सहानुभूतीने भारावून बाहेर पडतो. पण आदिवासी म्हणजे न बोलणारा माणूस, अशी प्रतिमाही तो बरोबर नेतो.

आपल्या परिसराचा इतिहास या प्रतिमेला साक्ष देत नाही. शहादे-तळोदे भागात (तेव्हाच्या धुळे, आणि १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यात) १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन आदिवासींचे आंदोलन उभे राहिले; १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गहाण पडलेल्या जमिनींचा, मजुरीचा, सालदारकीचा प्रश्न तेथे आदिवासींनी स्वतः, सभांतून, मोर्चांतून, आपल्या बोलींतून मांडला. म्हणजे ‘आक्रोश’ पडद्यावर येण्याआधी आठ वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी लहान्याचे भाऊबंद बोलत होते, आणि ठामपणे बोलत होते. भिली, पावरी या भाषांना न्यायालयाच्या आणि कचेरीच्या दारात पाळी मिळत नव्हती, ही गोष्ट निराळी. पाळी नसणे आणि वाणी नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद ‘शांतता!’च्या लेखकाला अन्य कोणाहूनही अधिक नेमका माहीत होता. बेणारेच्या बाबतीत त्याने तो कटाक्षाने पाळला: खटल्यापूर्वीची बोलकी बेणारे दाखवून मगच तिला मुकी केली. लहान्याच्या बाबतीत तो तितक्या कटाक्षाने पाळला गेला नाही. ‘आक्रोश’ थोर चित्रपट आहे. पण त्याचे थोरपण मान्य करूनही हा उणेपणा झाकता येत नाही. त्याचे कारण शोधावयाचे झाल्यास, ज्या मध्यमवर्गीय जगाच्या पाळ्या तेंडुलकर लहानपणापासून ऐकत आले, त्या जगाबाहेर पाऊल टाकताना त्यांना नियम दिसला, आवाज मात्र तितका ऐकू आला नाही, असे म्हणावे लागेल.

७

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बोलीचा वापर हाच वास्तवतेचा निकष मानून नाटकांचे मूल्यमापन करण्याची जी पद्धत आपल्या प्रबंधांत रूढ झाली आहे, ती पुरेशी नाही. पात्राच्या तोंडी अहिराणी वा लेवा बोलीतील क्रियापदे घातली म्हणजे ते पात्र खरे झाले, असे होत नाही. त्याला बोलण्याची पाळी कोण देतो, हे दाखविले की ते खरे होते. प्रमाण मराठीत बोलणारी बेणारे खरी आहे ती याच कारणाने. आपल्या भागातील नाट्यलेखक राज्य नाट्यस्पर्धेसाठी बोलीतील संहिता लिहू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना तेंडुलकरांपासून घेण्यासारखे जर काही असेल तर ते हेच.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या शिस्तीची. नाटक आणि पटकथा एकत्र वाचल्याविना या लेखकाविषयीचे कोणतेही विधान पक्के होत नाही. ‘सामना’च्या संहितेतील पाळ्या ‘सखाराम’शेजारी मांडून मोजाव्यात, कोण किती वेळा तोडतो, कोणाचा प्रश्न अनुत्तरित राहतो, कोणाला कोण एकेरी संबोधितो आणि ते केव्हा बदलते, याचे कोष्टक करावे. हे काम कष्टाचे आहे, पण पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. चित्रपट उपलब्ध आहेत, नाटके छापलेली आहेत. त्यासोबतच न्यायालयात, तलाठ्याच्या कचेरीत, दवाखान्यात भिली व पावरी भाषकांना प्रत्यक्षात किती आणि कशी पाळी मिळते, याचीही नोंद कोणी घेतली, तर तेंडुलकरांनी जेथे लेखणी थांबविली तेथून पुढचे काम सुरू झाले असे होईल.